नालीकाठचा माका

विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे आले नाहीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "बेडूक कापावा लागतो म्हणे?"

"हो. पण लगेच नाही," मी म्हटलं.

"कशानं कापतात?"

"ब्लेडनं. कात्रीनं."

ते उठले आणि संध्येला बसले. संध्येची वेळ अजून झालेली नव्हती.

बनारसला दुर्गाघाटच्या गल्लीत आमचं घर. अण्णा याज्ञिकी करत. बालाजी घाटापासून मंगला गौरीपर्यंत जी काही मराठी बिऱ्हाडं उरली होती, त्यांच्याकडचे सत्यनारायण, श्राद्धपक्ष, मुंजी, सगळं अण्णांकडे. मी त्यांची एकुलती एक. लहानपणी समोर बसवून त्यांनी मला संस्कृत शिकवलं होतं आणि हिचे उच्चार स्वच्छ आहेत, असं ते चारचौघांत सांगत. मी संस्कृत घेऊन बी. ए. करावं, मग एखाद्या कन्याशाळेत शिकवावं, असा त्यांचा बेत. बेत वाईट नव्हता. पण इंटरला, म्हणजे बारावीला, असताना शाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली मी कांद्याची साल पाहिली होती. जो कांदा आमच्या स्वयंपाकघराची पायरी कधी चढला नाही, त्याच्या सालीत विटा रचाव्यात तशी खणाखणांची भिंत होती. त्या दिवसापासून मला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. आणि हट्टात मी अण्णांचीच मुलगी होते.

शेवटी आईनं मधला रस्ता काढला. विद्यापीठात जीवशास्त्राच्या नव्या मुलांसाठी वर्ग सुरू व्हायच्या आधी पंधरवडाभराचा ओरिएंटेशन कोर्स असे. तो संपेपर्यंत विषय बदलून घेता येत असे, मग नाही. आई म्हणाली, "तेवढं जाऊन बघू दे तिला. नाही जमलं तर येईल परत."

"जा," अण्णा म्हणाले. "गणपती बसले की ठरवू."

त्यांच्या मनाशी ठरलेलं होतं हे मला कळत होतं. तरी मी गेले.

रोज सकाळी गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत चालत, तिथून विद्यापीठासमोरच्या लंका चौकापर्यंत टेम्पोत कोंबून घेऊन. वर्गात बलियाची, गाजीपूरची, आरा-छपऱ्याची मुलं. मुली बोटांवर मोजण्याइतक्या. पहिला दिवस नुसता पेन्सिलीत गेला. हसायची गोष्ट नाही. पेन्सिल कशी तासायची, आकृतीला छाया द्यायची नाही, नावं सगळी उजवीकडे लिहायची, रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. पुढे मग भिंगाला बोट लावायचं नाही, एका बाटलीतला ड्रॉपर दुसरीत घालायचा नाही, टेबलावर डबा उघडायचा नाही, बाहेर जाताना हात धुवायचे, आत येतानाही धुवायचे. माझ्या शेजारची मुलगी रडकुंडीला आली. मला मात्र सगळं ओळखीचं वाटलं. घरी आईचं सोवळं, इथे वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचं. फरक एवढाच की घरी शिवलं तर आंघोळ, इथे शिवलं तर सगळ्यांसमोर हजामत.

या मॅडम बुटक्या, करड्या केसांच्या आणि अत्यंत तिखट. त्यांचा एकच मंत्र होता. "जो आँख से देखा, वही लिखिए. जो सुना है, वह घर छोड़ आइए." तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकापुढे एक झेंडू ठेवला आणि विचारलं, किती फुलं आहेत? सगळे म्हणाले, एक. मग त्यांनी तो सुईनं सोडवायला लावला. प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल निघालं, मधल्या गोंड्यातला प्रत्येक दाणा दुसरं. टेबलावर नुसता ढीग. दसऱ्याला दाराला बांधायच्या माळा मी आयुष्यभर ओवत आले होते. मला स्वतःचा इतका राग आला की विचारता सोय नाही, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

प्राणिशास्त्राच्या खोलीत बरण्या होत्या. पहिल्याच दिवशी फॉर्मलिनचा भपकारा आला आणि मांसमच्छी खाणारा एक धिप्पाड मुलगा बाहेर जाऊन ओकून आला. आमच्या सात पिढ्यांत कोणी अंडं शिवलं नसेल, पण मला काही झालं नाही. ट्रेमधल्या मेलेल्या बेडकाच्या पायाला बोट लावून पाहिलं. थंड होता, बस. घरी आल्यावर आई खालच्याच मजल्यावर कपडे बदलायला लावी. बेडकाचं मी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

मग काम दिलं. आपापल्या मोहल्ल्यातल्या दहा वनस्पती गोळा करा, दाबून वाळवा, कागदावर टाचा, नावं घाला. होस्टेलच्या मुलांना मजा, त्यांच्या दाराशी बगीचा. आमच्या मोहल्ल्यात माती कुठे आहे? दगडी गल्ल्या, दगडी घाट, आणि श्रावणातल्या पुरानं तेही अर्धे पाण्याखाली. जे काही हिरवं उगवायचं ते भिंतीच्या भेगेत नाहीतर नालीच्या कडेला. मी हिरमुसून बसले होते तेव्हा अण्णाच म्हणाले, "अगं, पत्री आहे की आपली."

गणेशचतुर्थीला एकवीस प्रकारची पानं वाहतात, ती पत्री. कुठलं पान मिळालं नाही तर त्याच्या जागी अक्षता वाहिल्या तरी चालतं. पण आमच्या घराला त्याचा अभिमान होता की आम्ही फारशा अक्षता वाहत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अण्णा स्वतः पत्री तोडत, जुड्या बांधत आणि यजमानांच्या घरोघरी पोचवत. 'त्यांच्याकडची पत्री म्हणजे खात्री' असं मराठी घरांत म्हणत. अण्णा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण चाल बदलायची.

आघाडा, दूर्वा, धोतरा, डोरली, रुई, माका, शमी. अण्णा मला घेऊन हिंडले. हे अमुक, हे तमुक, संस्कृतात याला असं म्हणतात, आयुर्वेदात याचा हा गुण. माका आम्ही दरवर्षीच्या जागेवरून घेतला, बालाजी घाटाच्या वरच्या कोरड्या भिंतीतून. लांब देठावर छोटं पांढरट-पिवळं फूल, खरबरीत पान. अण्णांच्या वडिलांनी त्यांना ती जागा दाखवलेली. घरी आल्यावर वर्तमानपत्रांत पानं घालून वर पाट, पाटावर वरवंटा. गच्चीवरच्या माकडांनी पाट दोनदा उलथला, तेव्हा अण्णा काठी घेऊन स्वतः राखणीला बसले. नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी सांगितल्या, मी लिहिल्या. माझ्या या नव्या अभ्यासाला त्यांनी हात लावला तो त्या आठवड्यात पहिल्यांदा. मला वाटायला लागलं होतं की आता ते नाही म्हणणार नाहीत.

मॅडमनी कागद तपासले तो दिवस नेमका हरतालिकेचा. इकडची तीज म्हणून मोजक्या मुलींतल्याही काही आल्या नव्हत्या. माझे कागद मॅडम बघत गेल्या, मान डोलावत गेल्या, आणि माक्यापाशी थांबल्या.

"यह किसने बताया?"

"पिताजी ने."

"यह भृंगराज नहीं है. यह तो अमेरिका का पौधा है. बाद में आया, अब हर दीवार पर उगता है."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच वाहतात. माझे वडील शास्त्री आहेत. मागची मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. छत्री घेतली, मला म्हणाल्या, चला. विभागाच्या मागे हौद होता, त्याच्या कडेच्या चिखलात एक रोप लोळत होतं. फूल पांढरं, पण किती बारीक, आणि देठ आखूड. त्यांनी एक काडी तोडून माझ्या तळव्यावर ठेवली. "मसलिए."

मी चुरडलं. हिरवा रस निघाला आणि बघता बघता काळपट झाला.

"अब अपना वाला मसलिए." माझा वाळला होता. म्हणून त्यांनी भिंतीवरचा ताजा तोडून दिला. तो हिरवाच राहिला.

मॅडमवर चिडायला मला काही कारण उरलं नव्हतं. तरी टेम्पोत बसून मी पूर्ण रस्ता त्यांच्यावरच चिडत आले. रुमालात खऱ्या माक्याची डहाळी होती.

घरी पोचले तेव्हा पत्री वाटून झाली होती. दुपारीच अण्णा सगळीकडे देऊन आले होते. ते वरच्या खोलीत चौरंग मांडत होते. आईला हरतालिकेचा निर्जळी उपास, ती भिंतीला टेकून बसली होती. मी तिला हळूच सांगितलं. तिनं डहाळी बघितली, माझा तळवा बघितला.

"आता वाटून झालीये," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षी बघू."

"पण आई, चूक आहे ते."

"असेल. उद्या गणपती बसले की परवा तुझा फैसला आहे. आत्ताच त्यांना परेशान करायचं आणि मग म्हणायचं, मला तिकडेच पढाई करायचीये? हात दाखवून अवलक्षण आहे हे."

तिचं खरं होतं. मला तो विभाग, तो भपकारा, त्या तासलेल्या पेन्सिली काही केल्या सोडायच्या नव्हत्या. म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं, आणि मनापासून ठरवलं.

पण अण्णा खाली आले ते हसतच. "काय म्हणाल्या तुमच्या मॅडम? आपली पत्री बघून?"

त्यांना खरंच ऐकायचं होतं. माकडं हाकलत बसले होते ते या उत्तरासाठी. "छान म्हणाल्या" हे दोन शब्द माझ्या तोंडात आले आणि तिथेच अडकले. मी म्हटलं, "नऊ बरोबर आहेत. माका चुकला."

"कोण म्हणतं?"

"मॅडम. आपण घेतो तो माका नाही, अण्णा. ते अमेरिकेतलं तण आहे."

"अमेरिकेतलं?" त्यांचा चेहरा लाल झाला. "माझे वडील, त्यांचे वडील, सगळ्यांनी अमेरिकेतून पत्री आणली होय? त्या बाईंना सांग, वेदशाळेत दहा वर्षं काढ म्हणावं, मग बोल."

आई माझ्याकडे बघत होती. मी रुमाल सोडून डहाळी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "चुरडून बघा."

मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. त्यांनी डहाळी घेतली, तळव्यावर ठेवली, अंगठ्यानं मसलली. खिडकीपाशी जाऊन हात उरल्यासुरल्या उजेडात धरला. रस काळा होत गेला. चौरंगावर ठेवायच्या ताटात भिंतीवरच्या माक्याची जुडी होती, आमच्या घरची. तीही त्यांनी दुसऱ्या हातावर चुरडली.

ते परत येऊन बसले, दोन्ही तळवे उघडे ठेवून.

"केशरंजन म्हणतात याला," ते म्हणाले. "केस काळे करतो म्हणून. हे मी शंभर लोकांना सांगितलं असेल. तुझी आई माक्याचं तेल करते."

"ती पन्साऱ्याच्या, जडीबुटीच्या दुकानातली भुकटी असते," आई म्हणाली.

"हो ना. मसलून नाही बघितलं कधी कोणी." मग त्यांनी विचारलं, "हा उगवतो कुठे?"

"ओलीला. हौदाकडेला, नालीकाठी. आपल्या चापाकलाखाली पण आहे, हातपंपाचं पाणी सांडतं तिथे. येताना बघितला मी."

तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मलाही तेव्हाच उलगडलं. नालीकाठचं पान आमच्या घरात कोणी देवाला तोडलं नसतं. आजोबा नाही, पणजोबा नाही. कोकणातून आलेल्या कुणा पूर्वजाला इथे माका हवा होता, तो दिसत होता नालीशी, आणि वर स्वच्छ, कोरड्या भिंतीत त्याच्यासारखंच काहीतरी उगवलं होतं. सोवळ्यानं निवडलं ते. पुढे मग बाबावाक्यं प्रमाणम्.

"मी आत्ता जाऊन तोडून आणू?" मी विचारलं.

"सूर्यास्तानंतर पान तोडत नाहीत," ते म्हणाले. जेवले नाहीत.

सकाळी मी खाली गेले तर अण्णा चापाकलापाशी होते. सोवळं नेसलेले, कासोटा वर खोचलेला, नालीच्या कडेला उकिडवे बसून माका तोडत होते. पलीकडचा दूधवाला थांबून बघत होता. अण्णांनी सगळा माका आधी चापाकलाच्या पाण्यानं धुतला, मग गंगेच्या, मग स्वतः पुन्हा आंघोळ केली. टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल."

आई दारात उभी होती. "अहो, तुम्ही कशाला? तिला पाठवा नुसतं. जुड्या बदलून येईल ती."

"जुड्या मी दिल्या होत्या," अण्णा म्हणाले.

पहिल्या काही घरांत फार काही झालं नाही. एका काकूंनी नवा माका घेतला, जुना दिला आणि हसत म्हणाल्या, "अहो, तेही हिरवं, हेही हिरवं." दुसरीकडे पूजेची घाई होती, त्यांनी न ऐकताच घेतलं. पण अण्णा प्रत्येक दारात थांबून पूर्ण वाक्य बोलत होते. "काल दिला तो माका नव्हता. चूक माझी." माझ्या वडिलांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते. प्रत्येक दारात ते पुन्हा ऐकताना मला वाटलं, कशाला सांगितलं मी? छान म्हणाल्या, म्हणून मोकळी झाले असते तर?

मंगला गौरीजवळ तात्या राहत. निवृत्त संस्कृत शिक्षक, आमच्या सगळ्या यजमानांत वडील. तात्यांचा शब्द पडला की बाकीची घरं मान हलवत, त्यामुळे अण्णांचं सगळं काम एका परीनं त्यांच्या मर्जीवर होतं. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले, आम्ही खाली. अण्णांनी सगळं सांगितलं. तात्यांनी नवी जुडी हातात घेतली नाही.

"कुठून आणला हा?"

"चापाकलाखालून."

"नालीतला?"

"नालीकाठचा. तो तिथेच उगवतो. धुऊन आणलाय."

"म्हणजे इतकी वर्षं मी गणपतीला काय वाहिलं?"

"चुकीचं पान, तात्या. माझ्या हातून गेलं."

"आणि तुमच्या वडिलांच्या हातून?"

मला वाटलं, इथे अण्णा काहीतरी बोलून सोडवतील, भाव तिथे देव वगैरे. त्यांना असलं बोलणं सहज जमत असे.

"त्यांच्याही हातून," ते म्हणाले.

तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हे शोधलं कुणी? हिनं?"

"हिनं. विद्यापीठात शिकून आली."

"अच्छा." तात्या पायरीवर काठी आपटल्यासारखी टेकवत म्हणाले, "पोरीला चार दिवस तिकडे धाडलंत, तर तिनं बापाला आणि आजाला खोटं पाडलं. आणखी काय करणार आहात हिचं?"

उत्तर मला माहीत होतं, पंधरवड्यापासून माहीत होतं, आणि तात्यांसमोर, सणाच्या सकाळी, या सगळ्यानंतर ते दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"आणखी शिकवणार," अण्णा म्हणाले. "तिकडेच."

त्यांनी जुडी वाकून पायरीवर ठेवली, तात्यांना नमस्कार केला आणि वळले. मी टोपली छातीशी धरून मागोमाग निघाले. डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पुढे अजून बरीच घरं बाकी होती.